सेंद्रिय भातासाठी तण दाबणारी जात: निवड कशी व्हावी?

मोरडवाला, सत्तरी
सेंद्रियचं प्रशिक्षण असलं की जीवामृत, दशपर्णी अर्क, शेणखत यांवर दिवसभर बोलणं होतं. बियाण्याची वेळ आली की पुन्हा ज्योती किंवा जया. दोन्ही बुटक्या जाती. जया १९६८ची, ज्योतीच्या घराण्यात आयआर ८ ही बुटकी जात. खत भरपूर आणि तण काढलेलं, अशा शेतासाठी त्या घडल्या.

आमच्या मोरडीत, म्हणजे पाणी न साचणाऱ्या उंचावरच्या शेतात, पहिल्या पावसाबरोबर भात आणि सावा हे तण एकदमच उगवतात. पहिल्या महिन्यात ज्याने जमीन झाकली, शेत त्याचं. शिवाय कोवळेपणी दोन्ही ओळखूच येत नाहीत. पान खोडाला चिकटतं तिथे पातळ जिभली दिसली तर भात, नसली तर सावा. असं वाकून एकेक रोप बघत बेणणी (तण उपटणं) करायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर मजुरी भाताच्या दरात बसत नाही. तणनाशक तर आम्हाला वर्ज्यच.

माझं म्हणणं एवढंच: सेंद्रियसाठी जात निवडताना काही वाफे मुद्दाम न बेणता ठेवा. त्यात जी टिकेल ती आम्हाला द्या.

खाजनातला, चोडण
दादा, मला हे पटत नाही. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, तण मारतं ते पाणी. उन्हाळ्यात मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खारं पाणी आत घेतलं की गोड्या पाण्यावरचं बरंचसं तण जळतं. मग पाऊस मीठ धुऊन नेतो आणि आम्ही कोरगूट हा मीठ सोसणारा जुना भात पेरतो. कोरगूट उंच वाढतं, तुम्हाला हवं तसंच. पण काढणीच्या तोंडावर वारापाऊस आला की आडवं होतं, आणि भरलेल्या लोंबीला शेतातच कोंब फुटतात. वर्षाचं धान्य चिखलात जातं. बुटक्या जाती लोकांनी उगाच नाही उचलल्या.

कृषी पदवीधर, फोंडा
खाजनातल्या काकांशी सहमत, आणि याला जुना आधार आहे. १९६८मध्ये पीटर जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत उंच पसरट आणि बुटक्या जाती मिसळून लावल्या. उंच जातींनी बुटक्यांना हुसकावलं, पण एकटी लावल्यावर जास्त उत्पन्न बुटकीच देत होती. शेजाऱ्याला दाबण्यात रोपाची जी शक्ती जाते ती दाण्यात येत नाही.

नेरिका या संकरित भाताच्या जातींचं उदाहरण घ्या. आफ्रिकी भात तणाला भारी म्हणून त्याचा आशियाई भाताशी संकर केला, माँटी जोन्स यांना त्यासाठी २००४चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण सीजी १४ या आफ्रिकी वाणाची तण दाबण्याची ताकद सगळ्या नेरिकांत उतरली नाही. मग गोव्यात कोण किती वर्षं थांबणार? त्यापेक्षा रोपणी करा. तरवा, म्हणजे आधी वाढवलेली रोपं, तणाच्या पुढे असतो, वर शेतात साचलेलं पाणी सावा उगवू देत नाही.

मोरडवाला, सत्तरी
मोरडीत पाणी साचतच नाही. आणि रोपणीला तरी माणसं कुठून आणू?

वनस्पतिशास्त्र शिकवते, मडगाव
पदवीधर, तुम्ही १९६८वर थांबलात. त्याच संस्थेतल्या झाओ, ॲटलिन वगैरेंचं २००६चं काम पाणी न साचवता घेतलेल्या पेरभातावरचं आहे, म्हणजे मोरडीला जवळचं. त्यांना आढळलं की पेरणीनंतर चार आठवड्यांनी दिसणारा जोम आणि तण नसलेल्या वाफ्यातलं उत्पन्न या दोन्हींवरून तणातली कामगिरी बरीच ओळखता येते. म्हणजे जोम आणि उत्पन्न हाडवैरी नाहीत. काका, तुमची भीती खरी आहे, पण ती उंचीची आहे. मला हवंय ते लवकर फुटणारे फुटवे आणि सुरुवातीला आडवी पसरणारी पानं. ते मध्यम उंचीच्या, दणकट खोडाच्या रोपातही शोधता येतं.

मोरडवाले दादा, तुमच्या न बेणलेल्या वाफ्यांनाही माझी हरकत आहे. तण सगळीकडे सारखं उगवत नाही. एका वाफ्यात सावा दाट, शेजारी विरळ. मग जात जिंकली की नशीब, कसं कळणार? आधी स्वच्छ वाफ्यात जोमावर निवडा, उरलेल्या मोजक्या जाती तणात तपासा.

खाजनातला, चोडण
ताई, मध्यम उंचीचं असेल तर माझा विरोध मवाळ होतो. पण खारेपणा सोडू नका. गोवा धान १ आणि २ कोरगुटातूनच निवडल्या, त्या मिठासाठी. जोमासाठी निवडताना मीठ सोसणं हातचं गेलं तर आमच्याकडे ते बी कोणी पेरणार नाही.

कृषी पदवीधर, फोंडा
२००६चं काम मला मान्य आहे. तरी ते फिलिपिन्सचं. आपल्या जांभ्या मातीत, आपल्या पावसात तेच निघेल, हे मी गृहीत धरणार नाही.

मोरडवाला, सत्तरी
मग इथेच करून बघा, हेच तर मागतोय. ताईंची पद्धत चालेल, आधी स्वच्छ वाफे आणि मग तणातले. नव्या जातीच्या पत्रकात दिवस, उंची, उत्पन्न, रोग सगळं छापता. त्यात एक रकाना वाढवा: चौथ्या आठवड्यात जमीन किती झाकली. त्यासाठी वाफे लागणार असतील तर माझी मोरड वापरा. सावा पेरायची गरज पडणार नाही.