खंगणे, झिजणे, रोडावणे : ‘कॅकेक्सिया’ला मराठीत काय म्हणावं?

कर्करोगाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी चार पानी माहितीपत्रक मराठीत करते आहे. ‘कॅकेक्सिया’पाशी, म्हणजे आजारात वजन आणि स्नायू उतरत जातात त्या अवस्थेच्या नावापाशी, अडले. ‘क्षय’, ‘कुपोषण’, ‘कृशता’ हे तीन शब्द सुचले, पण तिन्ही खटकतात. गावाकडून आलेल्या बाईला वाचताक्षणी कळेल असा शब्द हवा आहे.

*

ताई, ‘क्षय’ अजिबात नको. मुळात त्याचा अर्थ नुसता ‘घट’. पंचांगातल्या क्षयतिथीत तो अजून तसाच आहे. पण दवाखान्यात ‘क्षय’ म्हटलं की टीबीच. पत्रक वाचून घरचे रुग्णाची ताटवाटी वेगळी काढतील.

‘कुपोषण’ही चुकीचं. त्यात खायला न मिळाल्याचा अर्थ येतो, आणि बायको मनात म्हणते, मीच कमी पडले. उपासमारीत पोटभर जेवण सुरू केलं की अंग भरतं. इथे तसं होत नाही. गाठीमुळे शरीरात दाह पेटलेला असतो, भूक मंदावते आणि स्नायू मोडून खर्ची पडू लागतात. नुसतं जास्त खाऊ घालून ते पुरतं थांबत नाही.

‘कृशता’ हा दिसण्याचा शब्द आहे. पंच्याण्णव किलोचा माणूस अठ्ठ्याऐंशीवर आला तर त्याला कोणी कृश म्हणेल का? उलट ‘बारीक झालात, छान दिसताय’ म्हणतात. माझ्या मामांना तसंच म्हणत होतो आम्ही सगळे. अंगठी निसटते म्हणून त्यांनी तिला आतून दोरा गुंडाळला होता. तो दोरा मला दिसला होता, अर्थ मात्र फार उशिरा कळला.

माझं मत ‘खंगणे’ला. झिजणे म्हटलं की कष्ट आणि त्याग आठवतो : आई संसारासाठी झिजते, चंदन झिजतं. रोडावणे आता वर्तमानपत्रांनी पटसंख्येला आणि गर्दीला देऊन टाकलं. ‘किती वाळलीस गं’, ‘सुकलास रे’ ही माहेरची माया, ती महिनाभरात भरून निघते. हडकणे दुखावणारं. खंगणे मात्र दुखण्यानं किंवा चिंतेनं, आतून आणि हळूहळू. कॅकेक्सियाचं मूळ ग्रीक, काकोस म्हणजे वाईट आणि हेक्सिस म्हणजे अवस्था. आपलं क्रियापद त्याहून नेमकं आहे, कारण त्यात गती आहे.

*

कर्करोग विभागात आहारतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं वेगळं सांगते. ‘खंगणे’ अर्थानं बरोबर, पण ‘पार खंगला हो’ हे वाक्य लोक शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवतात. आमची धडपड त्याच्या कितीतरी आधीची असते.

२०११ साली तज्ज्ञांनी एकमतानं व्याख्या ठरवली : सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं की कॅकेक्सिया. म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलोंहून जास्त. मुळात बारीक असेल किंवा स्नायू आधीच कमी असतील, तर २ टक्क्यांपुढेच धरायचं. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर वजन जेमतेम हललेलं असतं, पण भूक मोडलेली असते. तिसरीवर उपचारांनी वजन परत येण्याची आशा उरत नाही. तिन्हींना ‘खंगणे’ म्हटलं तर पहिल्या पायरीवरचा माणूस घाबरेल, नाहीतर ‘हे आपल्याला लागू नाही’ म्हणून पान उलटेल.

पहिल्या पायरीचे शब्द माझ्यासमोर रोज येतात. ‘अन्नावरची वासना उडाली.’ ‘दोन घासांत पोट भरतं.’ आणि सगळ्यात नेमकं, ‘खाल्लेलं अंगी लागत नाही.’ उपासमार आणि हा आजार यांतला फरक एवढ्या चार शब्दांत दुसऱ्या कोणी सांगितलेला मी ऐकला नाही. स्वादुपिंड, जठर किंवा फुप्फुसाचा कर्करोग असलेल्यानं असं म्हटलं, की मी काट्याकडे न बघता लिहून घेते, कारण खंगणं तिथे फार आढळतं. पुढचा अंदाज बांधायला रक्तातलं सीआरपी (दाह दाखवणारं प्रथिन) वाढलंय का, अल्ब्युमिन हे प्रथिन उतरलंय का हेही बघतो. गाठीसाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये कंबरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी स्नायू किती उरलेत ते मोजता येतं. जाड माणसातली घट तिथे पकडता येते.

काटा फसवतोही. पोटात पाणी झालं, पाय सुजले की वजन तेवढंच राहतं आणि आत मांस उतरत असतं. म्हणून मी कानशिलं बघते, खळगा पडलाय का. हात हातात घेऊन अंगठा आणि तर्जनीमधलं मांस बघते. पत्रकात ‘वजन घटणे’ एवढंच लिहू नका, ‘अंग उतरणे’ही लिहा.

*

दोघांचेही मनापासून आभार. ‘अंगी न लागणे’ हे सुरुवातीसाठी आणि ‘खंगणे’ हे पुढच्या अवस्थेसाठी, असं ठरवते. ‘कॅकेक्सिया’ एकदाच देईन, कारण डॉक्टरांच्या कागदावर तोच शब्द दिसणार. पहिल्या पानाचा मजकूर असा केला आहे :

‘खाल्लेलं अंगी लागत नाही असं वाटतं का? अंगठी, बांगड्या, घड्याळाचा पट्टा सैल झाला का? ब्लाउज उसवून आत घ्यावा लागला का? वजन तेवढंच दिसत असलं तरी पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. यात घरच्यांच्या स्वयंपाकाचा दोष नाही. हा आजाराचाच भाग आहे.’

शेवटची दोन वाक्यं ठळक छापायला सांगणार आहे.