'गीतेत एकही विसंगती नाही' म्हणणाऱ्यांसाठी

तर्कट:
'गीतेत विसंगती दिसते ती वाचणाऱ्याची बुद्धी तोकडी म्हणून' असं काल इथेच कुणीतरी ठोकून दिलं. वाचून डोकं फिरलं. पाचव्या अध्यायातला पंधरावा श्लोक, ५.१५ काढा. 'नादत्ते कस्यचित्पापं', परमेश्वर कुणाचं पाप घेत नाही, पुण्यही नाही. आता १८.६६. 'अहं त्वा सर्वपापेभ्यो मोक्षयिष्यामि', मी तुला सगळ्या पापांतून सोडवीन. पापाशी देणंघेणंच नाही, तर सोडवतो कशातून? ९.२९ मध्ये 'न मे द्वेष्योऽस्ति न प्रियः', मला कुणी नावडता नाही की आवडता नाही, आणि बाराव्या अध्यायात ओळीने 'स मे प्रियः', तो मला प्रिय. उत्तर द्या. 'आधी साधना करा' सोडून.

शमी:
९.२९ ची दुसरी ओळ बरी गाळलीत! 'ये भजन्ति तु मां भक्त्या मयि ते तेषु चाप्यहम्', जे भक्तीने मला भजतात ते माझ्यात आणि मी त्यांच्यात. शंकराचार्य तिथे अग्नीचा दाखला देतात. जवळ येईल त्याची थंडी जाते, लांबच्याची जात नाही. यात अग्नीचा पक्षपात कसला? अर्धा श्लोक घेऊन भांडायची जुनी खोड.

तर्कट:
बरं बाई, अग्नी मान्य. मग १६.१९ चं 'क्षिपामि'? द्वेष करणाऱ्यांना मी आसुरी योनींत टाकतो म्हणतात. अग्नी कुणाला उचलून टाकत नाही. आणि ५.१५ वर तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही.

घाटावरचा:
एवढं काय त्यात? भक्तीचे श्लोक मागाहून घुसडलेत.

नानाकाका:
आलं प्रक्षिप्त! श्लोक अडला की प्रक्षिप्त. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तीत हे श्लोक आहेत. वाद घालायचा तर तेराव्या अध्यायावर घाला. सुरुवातीचा 'प्रकृतिं पुरुषं चैव' काही प्रतींत असतो, काहींत नसतो. आमच्या पुस्तकात ३४ श्लोक, परीक्षकांच्या ३५. पाठांतर स्पर्धेत नातीचे गुण कापले! पुस्तक घेऊन व्यासपीठावर गेलो, तर मलाच 'आजोबा, खाली बसा'.

घाटावरचा:
नातीचं वाईट वाटलं. पण आज हाती असलेल्या प्रतींत आहे म्हणजे मुळातच होतं, हे कुठून आलं?

नानाकाका:
शंकराचार्य भाष्याच्या सुरुवातीलाच सातशे श्लोक म्हणतात. त्याआधी तुम्ही मोजायला गेला होतात का? पोरीने पाठ केलेलं चूक आणि तुमचा अंदाज बरोबर?

घाटावरचा:
अहो, तुमच्या नातीशी माझं भांडण नाही!

शमी:
धागा स्पर्धेचा नाही. ५.१५ ची दुसरी ओळ वाचा, 'अज्ञानेनावृतं ज्ञानं', ज्ञान अज्ञानाने झाकलेलं. पाप चिकटतं ते अज्ञानाने. शेवटच्या अध्यायात, तुमच्या १८.६६ मध्ये, अज्ञान काढायचीच हमी आहे.

तर्कट:
ही ज्ञानमार्गी जुळणी. भक्तिमार्गी भाष्यकार रामानुजांना विचारा, ते १८.६६ वेगळाच लावतात. आणि तिसऱ्या अध्यायात 'व्यामिश्रेणेव वाक्येन', सरमिसळ बोलून गोंधळात टाकतोस, म्हणून खुद्द अर्जुन कुरकुरतो. त्याचीही बुद्धी तोकडीच का?

शमी:
कुरकुरला, पण पुढचे पंधरा अध्याय ऐकले त्याने. तुम्ही चार श्लोकांवर थांबलात.

नानाकाका:
स्पर्धेआधी कुठली प्रत धरायची ते छापा, एवढंच मागतोय. कुणी परीक्षक आहे का इथे?