रासेयोचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) वनराई बंधारा पंधरवड्यात कोरडा का पडतो? आणि त्यातून 'आविष्कार' या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेसाठी प्रकल्प निघेल का?

नालाकाठ (प्रश्न)
युनिट १०० स्वयंसेवकांचं, म्हणजे विशेष शिबिराला ५० स्वयंसेवक. सात दिवसांचं निवासी शिबिर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, दत्तक गावात. नाला ८ मीटर रुंद, काठ दीड मीटर उंच, तळ मुरमाड. गेल्या वेळचा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून घातलेला बंधारा पाण्याने भरला, पण पंधरा दिवसांत रिकामा. गोण्या किती धरायच्या आणि चुकतं कुठे? दुसरं, 'आविष्कार'च्या पोस्टरवर नुसतं 'पाणीपातळी वाढली' लिहिलं की परीक्षक पहिल्याच प्रश्नात अडवतात. तिथे काय मोजून न्यावं?

मुरूममाती
सर, आधी तारीख बदला. जानेवारीपर्यंत बहुतेक नाल्यांची धार आटलेली असते. मग अडवायचं काय? बंधारा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये, मोठा पाऊस येण्याची शक्यता संपली आणि धार चालू आहे तेव्हा घाला. नियमित कार्यक्रमाचे वर्षाला १२० तास असतातच, त्यातले दोन रविवार काढा. शिबिरात डागडुजी आणि विहिरींच्या पाणीपातळीची मोजणी ठेवा. वृत्तपत्रात फोटो शिबिराचाच यावा म्हणून जानेवारीपर्यंत थांबणं हे निव्वळ पाणी घालवणं आहे.

गोण्यांचा हिशोब: उंची १ मीटर, पाया १.८ मीटर, माथा ०.६ मीटर, म्हणजे सरासरी जाडी १.२. गुणिले ८ मीटर, ९.६ घनमीटर. पाऊण भरलेली गोणी साधारण ०.०३३ घनमीटर जागा घेते. तर २९० गोण्या. काठात शिरणारी टोकं आणि फाटक्या गोण्या धरून ३५० गोळा करा. भरल्यावर एकेकीचं वजन ५० किलोच्या आसपास जातं, तेव्हा गोणी दोघांनीच उचलायची आणि भरायची जागा जवळ ठेवायची. आत सिमेंटची भुकटी असते, झटकताना नाकाला रुमाल हवा.

आता गळती. बंधारा मधून क्वचितच गळतो, तो पायातून आणि दोन्ही काठांतून गळतो. वाळू, पालापाचोळा, सुटे दगड काढून कठीण मुरूम लागेपर्यंत फूटभर चर खणा. दोन्ही काठांत निदान अर्धा मीटर आत शिरा. गोण्या गच्च भरू नका. गोल झाल्या की मधे फटी राहतात. तोंड दाभण-सुतळीने शिवून आतल्या बाजूला, आणि विटांसारखी सांधेमोड. नुसती वाळू भरली तर पाणी आरपार जातं, म्हणून प्रत्येक थरावर आणि पाण्याकडच्या अंगाला चिकण माती ठोकून बसवा. माती काठाच्या पायथ्याची उकरू नका, काठच ढासळतो. मध्यभागी माथा १५-२० सेंटिमीटर खाली ठेवा, नाहीतर जास्तीचं पाणी कडेने वाट काढून काठ खातं. ते पडतं तिथे दगड पसरा.

विहीरमाप
वरच्या उत्तरात एक राहिलं: रिकामा झाला म्हणजे बिघडला असं नाही. पाणी जमिनीत मुरलं असेल तर तेच हवं होतं. मुरलं की गळलं हे ओळखा, तुमचा प्रकल्प तिथेच आहे.

बंधाऱ्यात खुणा केलेली काठी रोवा, रोज सकाळी ठरलेल्या वेळी वाचा. हिवाळ्यात बाष्पीभवनाने रोज काही मिलिमीटरच जातात. वरून धार बंद असताना पातळी रोज ३ सेंटिमीटर उतरत असेल, तर खालच्या अंगाची धार बादलीत धरा. १५ लिटरची बादली १०० सेकंदांत भरली, तर तासाला ५४० लिटर गळती. खाली कोरडं असेल तर बरंचसं मुरतंय.

विहिरी आठ-दहा घ्या, त्यातल्या तीन-चार बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या किंवा शेजारच्या नाल्यावरच्या. तुलनेला त्या नसतील तर परीक्षक अडवणारच. कठड्यावर ऑइलपेंटची खूण करा, दर वेळी तिथूनच टेप सोडा आणि कठड्याची उंची वजा करा. मोजणी पहाटे, मोटार सुरू व्हायच्या आधी. उपसा चालू असताना घेतलेला आकडा कामाचा नाही. पहिली मोजणी बंधारा घालण्यापूर्वी. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशी चार वेळा मोजते, तेच महिने धरा म्हणजे त्यांच्या निरीक्षण विहिरीशी ताडता येईल.

बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या खडकात, पाणी भेगांतून जातं, त्यामुळे जवळची विहीर ढिम्म आणि लांबची वर, असंही दिसेल. तो आकडा गाळू नका.

नालाकाठ
नोव्हेंबर पक्का. पण खालचे शेतकरी म्हणतात, आमचं पाणी अडवताय.

मुरूममाती
आधी धार मोजा. सेकंदाला दीड लिटर म्हणजे दिवसाला सुमारे १ लाख ३० हजार लिटर. तुमच्या मापाच्या बंधाऱ्यामागे, तळाला शंभरात एक उतार असेल तर, फार तर दोन-तीन लाख लिटर थांबतील. दोन दिवसांत भरून पाणी माथ्यावरून खाली जायला लागेल. हे आकडे ग्रामपंचायतीत त्यांच्यासमोर मांडा, सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) बोलवा, आणि काठ ज्यांच्या शेतात आहे त्यांची लेखी संमती गोण्या भरायच्या आधी घ्या.