सिग्नल म्हणजे फक्त लाल-हिरवा दिवा नाही

सिग्नल म्हणजे आधीच ठरवलेली खूण, असं बरेच जण म्हणतात, पण मला वाटतं प्रत्येक खूण कोणी बसून ठरवलेली नसते. आमच्या नाशकात गोदेला पूर आला की पहिला प्रश्न, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीला पाणी कुठवर आलंय? गुडघ्याला, कमरेला, गळ्याला, बस, एवढं ऐकलं की भांडी बाजार, सराफ बाजारातला दुकानदार माल वर चढवायला लागतो, आकडे विचारत बसत नाही. आणि काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे मग महापूरच. ती घंटा मुळात १७३९ च्या वसईच्या विजयाची आठवण, पुराशी तिचा काही संबंध नव्हता, लोकांनी तिला दुसरा अर्थ दिला. मला हे फार मोलाचं वाटतं. बाहेरगावच्या माणसाला तिथे नुसती मूर्ती आणि पाणी दिसतं.

मिस्ड कॉलचंही तसंच ना, एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, हे घरोघरी वेगळं. आता धरणातून किती क्युसेक सोडलं ते मोबाईलवर लगेच कळतं, चांगलंच आहे ते, तरी आमची आजी अजून मारुतीचंच विचारते.