ऑब्जेक्ट ‘इनव्हॅलिड’ आहे म्हणजे नेमकं काय? अवैध, सदोष की पडताळणी बाकी?

प्रश्न

ओरॅकल डेटाबेसमधल्या त्रुटी कशा शोधायच्या, यावर मराठीत टिपण लिहितो आहे. यूझर_ऑब्जेक्ट्स या यादीत (आपल्या खात्यातले ऑब्जेक्ट, म्हणजे टेबल, व्ह्यू, प्रोसीजर वगैरे) स्टेटसच्या रकान्यात ‘इनव्हॅलिड’ येतं, त्याला मी ‘अवैध’ लिहिलं. सहकाऱ्यांना ते पटलं नाही. ‘सदोष’ चालेल का, की इनव्हॅलिडच ठेवू?

उत्तर

‘अवैध’ नको. अवैध बांधकाम, अवैध वाहतूक असं आपण म्हणतो, त्यात कायदा मोडल्याचा रंग आहे. इथे कुणी नियम मोडलेला नाही.

‘सदोष’ त्याहून जवळचा वाटतो, पण तो वाचणाऱ्याला चुकीच्या जागी पाठवेल. एखादं टेबल बदललं की बदललेल्या भागावर विसंबून असलेल्या व्ह्यू (साठवलेली क्वेरी), प्रोसीजर (साठवलेला कोड) आणि पॅकेज (अशा कोडचा गठ्ठा) यांवर ओरॅकल इनव्हॅलिडचा शिक्का मारतं. त्या क्षणी त्यांचा कोड तपासलेलाही नसतो. ‘आधीची तपासणी आता धरून चालू नका’ एवढंच त्या शिक्क्याचं म्हणणं. असं पॅकेज कुणी वापरायला घेतलं की ओरॅकल आधी ते आपणहून कम्पाइल करून, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करून बघतं, आणि कोडमध्ये खरंच काही बिघडलेलं नसेल तर ते निमूट व्हॅलिड होतं. याला ‘सदोष’ म्हटलं तर माणूस कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसेल.

अडचण अशी की कम्पाइल करूनही जे दुरुस्त होत नाही, त्याचाही स्टेटस इनव्हॅलिडच. एका शब्दाखाली दोन अवस्था आहेत आणि मराठीत त्या वेगळ्या लिहिण्याची संधी आहे. मी पहिलीला ‘पडताळणी बाकी’ म्हणेन आणि दुसरीलाच ‘सदोष’. रकान्यातलं मूल्य म्हणून उल्लेख असेल तिथे मात्र ‘इनव्हॅलिड’ जसंच्या तसं ठेवा, कारण वाचणाऱ्याला पडद्यावर तेच दिसणार आहे. ‘पॅकेज इनव्हॅलिड झालंय, कम्पाइल मार’ असंच आपण दिवसभर बोलतो.

दोन्हींतला फरक ओळखायला यूझर_एरर्स ही त्रुटींची यादी बघा. नुसता शिक्का बसला असेल तर तिथे बहुधा ओळच नसते, कारण त्रुटी नोंदल्या जातात त्या कम्पाइल करताना. म्हणून आधी कम्पाइल, मग त्रुटी वाचणे.

एक उदाहरण घ्या. ‘कर्मचारी’ टेबलातल्या ‘पगार’ रकान्याचं नाव ‘मूळवेतन’ केलं. ‘पगारयादी’ हा व्ह्यू जुन्याच नावाने वाचतो आणि ‘वेतन’ पॅकेजची बॉडी (प्रत्यक्ष कोडचा भाग) त्या व्ह्यूवर चालते. बॉडी कम्पाइल केली की त्रुटींच्या यादीत वर ‘एसक्यूएल स्टेटमेंट इग्नोअर्ड’ दिसतं आणि तिच्या खाली ‘ओआरए-०४०६३, व्ह्यू हॅज एरर्स’. बरेचजण वरची ओळ धरून बसतात. ती परिणाम आहे, कारण खालच्या ओळीत आहे. पॅकेजमधलं एक अक्षरही चुकलेलं नाही. आता व्ह्यू कम्पाइल करा, तिथे ‘ओआरए-००९०४, इनव्हॅलिड आयडेंटिफायर’ मिळेल. इथे ‘इनव्हॅलिड’चा तिसराच अर्थ निघाला: या नावाचा रकाना सापडत नाही. व्ह्यू नव्या नावाने पुन्हा तयार केला आणि मग बॉडी कम्पाइल केली की दोन्ही व्हॅलिड होतात. साखळी लांब असेल तर यूझर_डिपेंडन्सीजमधून (कोण कुणावर विसंबून आहे त्याची यादी) खाली उतरत जायचं, दुरुस्ती तळापासून करायची.

शेकड्याने ऑब्जेक्ट इनव्हॅलिड पडले असतील तर एकेक करण्यात अर्थ नाही. यूटीएलआरपी ही स्क्रिप्ट ती सगळी अवलंबनाच्या क्रमाने कम्पाइल करते. ती चालवून झाल्यावर जी उरतात, ती खरी सदोष.

पुढची शंका

माझी प्रोसीजर ‘टेबल ऑर व्ह्यू डझ नॉट एक्झिस्ट’ म्हणत सदोष राहते. तीच क्वेरी मी हाताने चालवली तर ओळी येतात. टेबल अस्तित्वात आहे, मग ‘अस्तित्वात नाही’ हे भाषांतर बरोबर कसं?

उत्तर

शब्दशः बरोबर, अर्थाने अपुरं. ‘तुम्हाला दिसत नाही’ असं लिहा. ओरॅकल ‘नाही’ आणि ‘बघायची परवानगी नाही’ यांत मुद्दाम फरक दाखवत नाही. तुमच्या बाबतीत सिलेक्टचा (वाचण्याचा) अधिकार रोलमधून, म्हणजे अधिकारांच्या गठ्ठ्यातून आलेला असावा. हाताने क्वेरी चालवताना रोल धरला जातो, पण नेहमीची प्रोसीजर तिच्या मालकाच्या अधिकारांनी चालते आणि कम्पाइल होताना रोलमधून मिळालेले अधिकार मोजले जात नाहीत. टेबलाच्या मालकाकडून तुमच्या स्कीमाला (खात्याला) थेट ग्रँट, म्हणजे अधिकार घ्या आणि पुन्हा कम्पाइल करा.

आणखी एक

इंडेक्सच्या (ओळी पटकन शोधायची सूची) ‘अनयूजेबल’ला आणि कन्स्ट्रेंटच्या (टेबलातल्या माहितीवरचा नियम) ‘नोव्हॅलिडेट’ला काय म्हणावं? सगळं एकाच कुळातलं वाटतं.

उत्तर

इंडेक्सला ‘निकामी’ म्हणा, तो शब्द चपखल बसतो. टेबल दुसरीकडे हलवलं की ओळींचे पत्ते बदलतात आणि इंडेक्समधले जुने पत्ते कामाचे राहत नाहीत. ओआरए-०१५०२ त्याचीच तक्रार करतं. इथे कम्पाइल नाही, रीबिल्ड (नव्याने बांधणी) करावं लागतं, म्हणून इनव्हॅलिडच्या ओळीत याला बसवू नका.

कन्स्ट्रेंटचं वेगळं. ‘एनेबल नोव्हॅलिडेट’ म्हणजे नव्या ओळींना नियम लागू, जुन्या ओळी तपासलेल्या नाहीत. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये यालाच ‘नॉट व्हॅलिड’ म्हणतात, आणि नंतर ‘व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट’ चालवून जुन्या ओळी तपासून घेता येतात. ‘अवैध नियम’ असं भाषांतर केलं तर वाचणारा समजेल की नियम लागूच नाही, आणि मग नवी ओळ नाकारली गेली की गोंधळेल. इथे ‘जुन्या ओळींची पडताळणी बाकी’ असं सविस्तरच लिहा, जागा थोडी जास्त गेली तरी चालेल.