सहभागिता, सहवास, मंडळी: नेमका कोणता शब्द?

सात रस्ता:
आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्याने येणाऱ्यांसाठी एक छोटी पत्रिका करायचं चाललंय. तीत एक वाक्य असं आहे: "निर्दंभ प्रीती आणि परस्पर सहभागिता हा आपल्या मंडळीचा पाया आहे." तरुण संघातल्या मुलांना वाचायला दिलं, तर 'सहभागिता' म्हणजे कार्यक्रमात भाग घेणं, असं बहुतेकांनी सांगितलं. शाळेत सहभागाचं प्रमाणपत्र मिळतं ना, तोच अर्थ डोक्यात. 'निर्दंभ' तर कुणालाच लागला नाही. हे शब्द ठेवावेत की बदलावेत? आपलं सोलापूर, त्यामुळे मंडळीत तेलुगू आणि कानडी घरंही आहेत. त्यांनाही पटकन कळायला हवं.

जुना वाचक:
'निर्दंभ'चं आधी उरकतो. बायबलात पेत्राच्या पहिल्या पत्रात 'निर्दंभ बंधुप्रेम' आहे, तिथून तो आपल्याकडे रुळला. मूळ ग्रीक शब्दात 'हुपोक्रितेस' आहे, म्हणजे नाटकातला नट. त्याला नकार जोडला की 'सोंग न घेतलेलं' असा अर्थ होतो. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात प्रीतीला हेच विशेषण लावलंय. पत्रिकेत 'खरी प्रीती' लिहिलंत तर चुकणार नाही, पण मी 'ढोंग नसलेली प्रीती' लिहीन. त्यात कबुली आहे की देवळातही ढोंग होऊ शकतं. रविवारी दारात हात हातात घेऊन सलाम करायचा आणि सोमवारी नवी पेठेत समोरून आला तर मान वळवायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

'सहभागिता' मात्र काढू नका, समजावून सांगा. मूळ शब्द 'कोइनोनिया', तो 'कोइनोस' म्हणजे सामाईक यावरून आला. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ मध्ये पहिली मंडळी प्रेषितांच्या शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत तत्पर असे, असं आहे. तिथे मराठीत 'सहवास' आणि योहानाच्या पहिल्या पत्रात 'सहभागिता'. मागे ग्रीक शब्द एकच. आणि हाच शब्द प्रेषित पौल त्याच्या रोमकरांस पत्राच्या १५व्या अध्यायात कशासाठी वापरतो? मासेदोनिया आणि अखया इथल्या लोकांनी यरुशलेमेतल्या गोरगरिबांसाठी जे पैसे जमवले, त्यासाठी. म्हणजे यात खिशात हात घालणं आलंच. सहवास नुसतं जवळ बसूनही होतो. सहभागितेत 'भाग' आहे, आणि भागीदार म्हटला की नफ्याबरोबर तोटाही वाटून घ्यावा लागतो. मुलांना 'भागीदारी' या शब्दावरून सांगा, लगेच कळेल.

पूर्व भाग:
आमच्या घरात तेलुगू. आम्ही मंडळीला 'संघम' म्हणतो आणि तुम्ही ज्याला सहभागिता म्हणता त्याला 'सहवासम'. त्यामुळे 'सहवास' लिहिलंत तर आमच्या आजीलाही लगेच कळेल. कानडी बायबलात मंडळीला 'सभे' आहे. आणि कानडी माणसाला 'प्रीती' अजिबात अवघड नाही, तो त्यांचा रोजचा शब्द आहे. आई लेकराबद्दल बोलतानाही तोच वापरते. मराठी माणसाला मात्र प्रीती एक तर बायबलात भेटते, नाही तर जुन्या भावगीतात. आमच्याकडे तेलुगूत 'प्रेम'च.

विजापूर वेस:
प्रीती ठेवा असंच माझं मत. 'प्रेम' झिजलंय म्हणून नव्हे, तर बाकीचे जवळचे शब्द कमी पडतात म्हणून. 'माया' फार गोड शब्द आहे, पण ती मोठ्याकडून लहानाकडे जाते. सासू सुनेवर माया करते, सून सासूवर माया करते असं आपण सहसा म्हणत नाही. 'जिव्हाळा' सहवासाने आपोआप लागतो, त्याची आज्ञा देता येत नाही. 'आपुलकी'त आधीच ठरलेलं असतं की आपला कोण. आणि आपल्या मंडळ्यांचं खरं दुखणं तिथेच आहे. उपासनेला एका बाकावर बसतो, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला एकत्र घेतो, पण सोयरीक जमवायची वेळ आली की मूळ गाव, जुनी जात, घरात बोली कोणती, सगळं हळूच विचारलं जातं. आपुलकी भरपूर असते, ती फक्त आपल्या माणसांपाशी थांबते. "एकमेकांवर प्रीती करा" ही आज्ञा आहे, आणि आज्ञा द्यावी लागते ती जे आपसूक होत नाही त्याचीच.

दुसरा एक शब्द घ्या, 'प्रीतिभोजन'. नाताळाच्या आसपास आपल्याकडे होतंच. पौलाने करिंथकरांना ११व्या अध्यायात कशावरून खडसावलं ते बघा: एकत्र जेवायला जमायचे, पण ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन पिऊन घ्यायचे आणि उशिरा येणारा गरीब उपाशी राहायचा. मी आमच्या प्रीतिभोजनात वाढायला असते. पहिल्या पंगतीला कमिटीची घरं, मागच्या पंगतीला मोलकरणी, वॉचमन आणि त्यांची मुलं, आणि तोवर मटणाच्या पातेल्यात रस्साच उरलेला. हे मुद्दाम कुणी करत नाही. पण होतं, आणि मुलांच्या लक्षात राहतं. आता आम्ही बायकांनी ठरवून वाटणी आधी करून ठेवायला सुरुवात केली आहे.

आणि सहभागिता बघायची असेल तर मयताच्या घरी बघा. आमच्या गल्लीत एक म्हातारे गेले. मुलगा पुण्याहून निघालेला, वाटेत. तो पोचायच्या आत मंडळीतल्या माणसांनी पेटी आणली, कबरस्तानात खड्डा सुरू केला. दोघीजणींनी मागे राहिलेल्या आजींना न्हाऊ घातलं, पांढरं पातळ नेसवलं. त्या घरात चूल पेटली नाही, पण कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि आमटीचे डबे कुणाकुणाच्या घरून येत राहिले, त्यात तेलुगू घरचा चिंचेचा सारही होता. पेटीचे पैसे कुणी भरले ते आजींना अजून माहीत नाही.

जुना वाचक:
ताई, तुम्ही म्हणता त्याला गलतीकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात आधार आहे. "एकमेकांची ओझी वाहा" असं दुसऱ्या वचनात आहे आणि पाचव्या वचनात प्रत्येकाने आपापला भार वाहायचा आहे. वाचताना विसंगती वाटते, पण ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. पहिला 'बारोस', माणसाला दाबून टाकणारं वजन. दुसरा 'फोर्तिओन', ज्याचा त्याने उचलायचा बोजा. मराठीत 'ओझे' आणि 'भार' असे दोन शब्द ठेवलेत ते त्यामुळेच. मयत, दवाखाना, कर्ज हे ओझं. रोजचं काम हा भार. हे न ओळखल्यामुळे काही मंडळ्यांत दोन-तीन घरंच सगळ्यांचं करून थकून जातात.

नवी पेठ:
'मंडळी' या शब्दावर कुणी बोललं नाही. 'मंडळ' वेगळं, त्याला अध्यक्ष, सचिव, नोंदणी क्रमांक असतो. 'मंडळी' म्हणजे घरातली माणसं. 'आमची मंडळी' म्हणून जुनी माणसं बायकोचाही उल्लेख करत. ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे नगरातल्या नागरिकांची बोलावलेली सभा. त्यात घरपण नाही, ते मराठीने दिलं. एरवी मराठीत 'मंडळ्या' असं अनेकवचन कुणी करत नाही, पण बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, आशियातल्या सात मंडळ्या आहेत आणि ख्रिस्ती मराठीत ते रूप सहज चालतं. कॅथलिक बांधव 'ख्रिस्तसभा' म्हणतात, तेही बरोबरच.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना मात्र मंडळीच्या भिंती अपुऱ्या वाटल्या. १९१७ मध्ये साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावं, ही त्यामागची कल्पना. दोन वर्षांनी ते गेले. तुमची पत्रिका नव्या लोकांसाठी आहे, तर हे नक्की ध्यानात घ्या: त्यांच्यातला निम्मा वर्ग अजून 'आपला' झालेला नसणार.

सात रस्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. पाळकसाहेबांशी बोलून वाक्य असं केलंय: "ढोंग नसलेली प्रीती, एकमेकांचा सहवास आणि सुखदुःखात भागीदारी, यांवर आपली मंडळी उभी राहावी अशी आपली प्रार्थना आहे." 'पाया आहे' काढलं, कारण ते अजून पूर्ण खरं नाही. शेवटच्या पानावर दुखण्यात, मयतीत किंवा अडचणीत कुणाला सांगायचं ते लिहितोय. त्या ओळी तेलुगूत आणि कानडीतही हव्यात. पूर्व भाग, तेलुगू तुम्ही बघाल का? कानडीसाठी कुणी असेल तर कळवा, शुक्रवारी छापायला द्यायचंय.