खणीत बारकी मासळीच नाही, मग माशासारखा ल्यूर (नकली आमिष) टाकायचा का नाही?

कळंब्याचा गळवाला
परवा इथं एकानं ठोकून लिहिलं की ज्या खणीत, शेततळ्यात बारकी मासळी नाही तिथं माशासारखा ल्यूर टाकणारा खुळा, मरळ जे रोज खाते तेच दाखवा, बेडूक सोडून कायबी टाकू नका. खाली सगळे "बरोबर हाय भावा". बरोबर काय, डोंबल? हे ज्ञान अमेरिकेत बास नावाचा मासा धरणाऱ्यांच्या व्हिडिओतनं उचललेलं. तिकडच्या तळ्यात ब्लूगिल हा बारका मासा असतंय, झिंग्यासारखं क्रेफिश असतंय, म्हणून ते त्या रंगाचे ल्यूर घेत्यात. पण त्यांचंच पुढचं बघा की. प्लास्टिकचं गांडूळ निक क्रीमनं १९४९ साली काढलं, त्यातलं जांभळं गांडूळ कुठल्या तळ्यात राहतंय सांगा मला. आणि स्पिनरबेट? तारेला दोन पत्रे आणि खाली रबराची झालर, असलं जनावर जन्माला आलंय का कुठं? तरी बास घेतोय. कारण मासा नाव-गाव विचारत नाही, कायतरी हलतंय, तोंडात मावंल एवढं हाय आणि पळायलंय, एवढंच त्याला कळतंय. गढूळ पाण्यात तर तेबी दिसत नाही, माशाच्या अंगाच्या कडेला हादरा ओळखणारी रेषा असती, तिला हादरा लागला की झालं. तेव्हा चमचा (चकाकणाऱ्या पत्र्याचा ल्यूर) टाका, स्पिनर (फिरत्या पत्र्याचा ल्यूर) टाका, बिनधास्त.

वडणगेकर
तुझं सगळं गढूळ पाण्याचं चाललंय. कोल्हापूरजवळ शियेच्या बाजूला दगडाच्या खणी बघ, पाणी असलं नितळ की तळातली बाटली दिसती. तिथं मरळ चमच्यामागं येती, वीतभर लांब थांबून बघती आणि शेपूट फिरवून जाती. हे मी काठावर उभं राहून डोळ्यानं बघितलंय, व्हिडिओत नाही. आमच्या खणीतली एक मरळ घरी साफ केली तर पोटात चतुराच्या अळ्या आणि खेकड्याचा एक आकडा, माशाचा काटा एकबी नाही. मग तिला चार इंची चांदीचा मासा दाखवून काय उपयोग? आयुष्यात बघितला नाही तिनं.

कळंब्याचा गळवाला
चमच्यामागं आली म्हणतोस म्हंजे बोलावलं कुणी, चमच्यानंच ना? घेतला नाही कारण तू एकसारखा ओढत बसलास. मधी थांबव, खाली पडू दे.

वडणगेकर
व्हय, मला आता रील फिरवायला शिकीव.

उसातला कोल्हा
एवढं डोकं कशाला, खणीत चार चिलापी (तिलापिया मासे) सोडा, दोन वर्षात बारकी मासळीच मासळी, मग टाका पायजे तो ल्यूर 😄

राजाराम तलाव
हात जोडतो, हे गमतीत पण लिहू नका. १९५२ ला ही चिलापी देशात आणली आणि आता कुठं नाही ते सांगा. तोंडात अंडी सांभाळणारा मासा, पिल्लं मरतच नाहीत. आमच्या चुलत्यांच्या शेततळ्यात कुणीतरी असंच "सोडा की दोन-चार" म्हणून सोडली, रोहू कटला वाढायचे बंद, घातलेलं खाद्य सगळं हिच्याच पोटात, शेवटी मोटर लावून तळं उपसलं आणि तळ्याचा प्लास्टिकचा कागद पण फाटला. दुसऱ्याच्या पाण्यात मासा सोडणाऱ्याला आधी उसाच्या बुडख्यानं हाणला पायजे.

उसातला कोल्हा
गंमत केली ओ. बरं ल्यूरचंच बोलतो. आत्ता पावसाळ्यात मरळीच्या लाल पिल्लांचा गोळा वर येतोय, त्याच्या मधोमध फ्रॉग (रबरी बेडूक) टाका, नर मादी दोन्ही धरून येत्यात. बारकी मासळी असो नसो. नाद खुळा.

वडणगेकर
ह्याला मासेमारी म्हणतोस? मरळ तिथं खायला नाही येत, पोरं राखायला येती. आई-बाप काढलेस की बाकीचे मासे, बेडूक, बगळे तासाभरात गोळा साफ करत्यात.

उसातला कोल्हा
तुम्ही मरळ पूजेला नेता काय? तांबड्या रश्श्यात घालूनच खाताय ना?

वडणगेकर
खातोच. पण दिवाळीनंतर. आणि पिल्लं मोठी झाल्यावर.

तात्या पन्हाळ्याचे
पोरांनो, आमच्या वेळी पिल्लावरची मरळ कुणी धरली तर म्हातारी माणसं शिव्या द्यायची. ल्यूर बिऊर नव्हतं, काठी, दोरी आणि गळाला जिवंत बेडूक. आता हातात ब्रेडेड लाइन (विणलेली मजबूत दोरी) आलीया आणि दम गेलाय. आणि त्या खणीत मासा तरी किती दिस राहणार, पंचगंगेचं काय केलंय बघा, उन्हाळ्यात मेलेल्या मासळीचा खच पडतोय…

राजाराम तलाव
तात्या नदीचा वेगळा धागा काढा, तिथं मी पण येतो. पण पिल्लांचं बरोबर बोललात. ज्या खणीत मुळात खायला कमी, तिथं एक जोडी काढली तर पुढच्या वर्षी फ्रॉग टाका नाहीतर सोन्याचा चमचा टाका, घेणार कोण?

उसातला कोल्हा
बरं बाबांनो, मीच तेवढा पापी. गोळ्यावर टाकत नाही. खूश?

वडणगेकर
फोटो टाकायचं बंद कर म्हंजे बाकीची दहा पोरं जायची थांबतील.

कळंब्याचा गळवाला
आता माझ्या मुद्द्यावर येणार का कोण? वडणगेकर, तूच म्हणालास पोटात चतुराच्या अळ्या होत्या. मग तुझा तळहाताएवढा रबरी बेडूक ती का घेती? अळी केवढी, बेडूक केवढा.

वडणगेकर
बेडूक खणीत आहेत म्हणून.

कळंब्याचा गळवाला
आणि निळा-गुलाबी फ्रॉग पण घेती, तसले बेडूक आहेत काय शियेत?

वडणगेकर
…मरळ श्वास घ्यायला वर येती, वरचं हललेलं तिला सापडतंय. रंगाचं जाऊ दे. नितळ पाण्यात दोन इंची काळं-चॉकलेटी सॉफ्ट प्लास्टिक, हलका जिग (डोक्याला वजन असलेला गळ), तळाला लावून हळू ओढलं तर घेती, तेवढं मानतो, ते अळीसारखं वाटतंय म्हणून. पण तुझा चमचा नाही म्हंजे नाही.

कळंब्याचा गळवाला
म्हंजे आकार बारीक केला आणि चाल बदलली की घेती. मी दुसरं काय बोलायलोय पहिल्यापासनं?

वडणगेकर
तू "बिनधास्त" बोललेलास. वर जाऊन वाच.

उसातला कोल्हा
ती शियेची खण नक्की कुठली ओ? लोकेशन टाका की.

वडणगेकर
तुला? नाद सोड.